निळी सेडान कोण चालवत होते याबाबत

पुरवणी जबाब.

नाव : पहिल्या जबाबात लिहून घेतले आहे तेच. शिकायला येणारे लोक हळूमास्तर म्हणतात, कारण गाडीत मी ‘हळू’ याशिवाय दुसरे काही बोलत नाही.
वय : ५७ वर्षे.
धंदा : मोटार ड्रायव्हिंग स्कूल, सव्वीस वर्षे.
राहणार : स्कूलच्या ऑफिसच्या वर, पहिला मजला, पत्नीसह.

मी आज बुधवारी सकाळी साडेदहा वाजता, कोणी न बोलावता ठाण्यात आलो आहे आणि तपास करणाऱ्या मॅडमसमोर बसून सांगतो की, शनिवारी याच टेबलावर मी जो जबाब दिला त्यातले दुसरेच वाक्य खोटे आहे. ते वाक्य ‘गाडी मी चालवत होतो’ असे आहे. गाडी मी चालवत नव्हतो. माझी पत्नी चालवत होती आणि मी तिच्या डावीकडच्या सीटवर बसलो होतो. एवढे आधी लिहून घ्यावे, म्हणजे बाकीचे मला सावकाश सांगता येईल. मला चार दिवस झोप नाही.

आमच्याकडे एकच गाडी आहे. पांढरी, अकरा वर्षांची, छपरावर ‘शिकाऊ’ असा पिवळा बोर्ड आणि क्लच-ब्रेक दोन्ही बाजूंना. स्कूलचीही तीच आणि घरचीही तीच. मुलीच्या लग्नाला आम्ही त्याच बोर्डासकट गेलो, सासऱ्यांना दवाखान्यात नेले तेही त्याच बोर्डासकट. बोर्ड चार बोल्टांवर आहे, काढायला दहा मिनिटे लागतात. काढतो, काढतो असे मी दर वेळी म्हणालो.

पत्नी, वय ५३, दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या कामात केसाएवढी चूक झाली तरी माणसाला जेवता येत नाही. ही प्रयोगशाळा दोन महिन्यांपूर्वी गावाबाहेर चौदा किलोमीटरवर गेली. संध्याकाळी तिकडून शेवटची बस साडेपाचला आहे आणि पत्नीचे काम सहाला संपते. म्हणून तिने घरात सांगितले की गाडी बदलायची, आणि नवी गाडी ती स्वतः चालवत नेणार. मी म्हणालो की मी सोडत जाईन, आणत जाईन. दुसऱ्या दिवशी तिने शोरूमला फोन केला.

पत्नीला गाडी मीच शिकवली. तिच्या परवान्याला चोवीस वर्षे झाली. तेव्हापासून ती दर रविवारी बाजारापर्यंत गाडी नेते आणि परत आणते. डावीकडे मी असतो. आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती इथे सांगणे भाग आहे. शिकवणाऱ्याने आपला पाय ब्रेकवर टेकवायचा नाही, बोटभर वर धरून ठेवायचा. शिकणाऱ्यावर ओरडायचे नाही, कारण ओरडले की तो घाबरून हमखास ॲक्सिलरेटर दाबतो. तोंड बंद आणि पाय तयार. आणि पायाने काम झाले नाही, तर उजव्या हाताने स्टिअरिंग डावीकडे, कडेला ओढायचे. आम्ही शिकवतो त्या मैदानामागच्या रस्त्याला डाव्या कडेला गवताशिवाय काही नसते.

लेखनिक हवालदारांनी धंद्याची माहिती पुरे, मुद्द्याचे सांगा, असे म्हटले. मुद्दा हाच आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनाही मीच शिकवले आहे, त्यांना ही रीत ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी अकराला दहा मिनिटे कमी असताना आम्ही शोरूममध्ये पोहोचलो. पांढरी गाडी लांब, कोपऱ्यावर लावायला पत्नीने सांगितले. तिने जी गाडी निवडली होती ती गडद निळी, बसकी सेडान होती. तिच्या डिकीवर छोटा पंख होता. आम्हाला गाडी दाखवणारे विक्री प्रतिनिधी चाळिशीचे गृहस्थ होते, त्यांना सर्दी झाली होती. ते गाडीभोवती फिरून इंजिनात घोडे किती, वेग घ्यायला सेकंद किती ते सांगत होते. मी पंखाला हात लावून पत्नीला म्हणालो, “हा कशाला? उडायचंय का तुला?”

ती म्हणाली, “डोक्यावर बोर्ड नाही ना? मग पंख असला तरी चालेल.”

प्रतिनिधी हसले. मीही हसलो. खरे सांगायचे तर मला हसू आले नव्हते.

टेस्ट ड्राइव्हचा फॉर्म पत्नीच्या नावाने भरला गेला, परवाना तिचाच लावला. शोरूमच्या नियमाप्रमाणे चालवणाऱ्याच्या शेजारी त्यांचा माणूस बसतो. प्रतिनिधी पुढचे दार उघडू लागले, तेव्हा मी त्यांना माझे प्रशिक्षकाचे कार्ड दाखवले आणि म्हणालो, “सव्वीस वर्षं याच सीटवर काढलीत साहेब, तुम्ही मागे बसा.” ते म्हणाले, “नियम आहे हो.” मी म्हणालो, “नियम ज्यांच्यासाठी आहे ते वेगळे.” त्यांना शिंक आली आणि ते मागे बसले. यात त्यांची चूक धरू नये. पत्नीने तोवर सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या डोळ्यांना येईल असा केला. आमच्या गाडीत आरसा माझ्या अंदाजाने लावलेला असतो.

साधारण अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. बाहेरचा मोठा रस्ता, मोठे सर्कल, पूल आणि मग बाजाराच्या रस्त्याने परत, असा मार्ग प्रतिनिधींनी सांगितला. मोठ्या रस्त्यावर ते मागून म्हणाले, “मॅडम, ते स्पोर्टचं बटण दाबून बघा.” मी नको म्हणायच्या आत तिने दाबले. गाडीने एकदम कान टवकारले. पत्नी हसली. आवाज न करता, समोर बघत हसली. तिला असे हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिले. ते पाहून मला बरे वाटायला हवे होते. मला एवढेच वाटले की आता हिला आवरायला हवे. मी “हळू” म्हणालो. मॅडमनी विचारल्यावरून सांगतो, वेग जास्त नव्हता.

पुलावरून उतरल्यावर मी चार वेळा ‘हळू’ म्हणालो असेन. चौथ्या वेळी ती म्हणाली, “अहो, हळूच आहे.”

अकरा वाजून चौतीस मिनिटांनी आम्ही बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाजवळ आलो. उजवीकडच्या बोळातून एक लाँड्रीवाला सायकलवरून आडवा आला. कॅरियरवर त्याच्या डोक्याहून उंच गठ्ठा होता. त्याने ना इकडे पाहिले ना तिकडे. मी रिवाजाप्रमाणे तोंड बंद ठेवले आणि उजवा पाय दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता. नव्या गाडीत डावीकडे ब्रेक कसा असणार? तिथे मऊ गालिचा होता, त्यात माझा बूट रुतला.

त्या क्षणी मला वाटले, आता ही गाडी थांबत नाही. मी उजव्या हाताने स्टिअरिंग धरले आणि डावीकडे ओढले. तिथे गवत नव्हते. तिथे रस्त्याच्या पातळीचाच फुटपाथ होता आणि चष्म्याच्या दुकानातले काका स्टुलावर चढून पाटीची काच पुसत होते. गाडी स्टुलाला लागली. काका खाली पडले आणि त्यांच्या उजव्या घोट्याजवळचे हाड मोडले. लाँड्रीवाला तसाच निघून गेला. आपल्यामागे काय झाले हे त्याला आजपर्यंत माहीत नसावे.

गाडी थांबल्यावर पत्नी आधी उतरली. तिने काकांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि ओढणीने सरळ बांधला. मी उतरलो आणि गाडीचा पुढचा भाग पाहिला. हे मला स्वतःला आठवत नव्हते. सोमवारी मी दवाखान्यात गेलो तेव्हा काकांनीच सांगितले. ते रागाने बोलत नव्हते. ते म्हणाले, “तुमच्या बाईंनी माझा पाय बघितला, तुम्ही बंपर बघितला. चालायचंच, गाडीवाले तुम्ही.” मी त्यांच्यासाठी फळे नेली होती. ती टेबलावर ठेवून मी निघालो. मला लाज वाटली.

पाच मिनिटांत चौकातले हवालदार आले आणि त्यांनी गाडी कोणाकडे होती असे विचारले. मी म्हणालो, “माझ्याकडे.” मला विचार करावा लागला नाही. पाय दाबायला जसा विचार लागत नाही तसेच ते तोंडातून गेले. पत्नी चार हात अंतरावर बसली होती, तिने ऐकले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा काकांचा पाय बघू लागली. प्रतिनिधींनाही खरे माहीत होते, पण आपल्या जागी दुसऱ्याला बसू दिल्याचे अंगाशी येईल म्हणून त्यांनी मूग गिळले. दुपारी एक वाजता मी ठाण्यात येऊन पहिला जबाब दिला आणि त्यावर सही केली.

मॅडमनी असे का केले ते विचारले. त्या वेळी मला वाटले की मी पत्नीला वाचवतो आहे. तिचा परवाना जाईल, तिचे नोकरीवर जायचे वांधे होतील, कोर्टात उभे राहावे लागेल. माझे काय, मी अशा भानगडी पाहिलेल्या आहेत. असे माझ्या मनात होते. ते सगळे खोटे नव्हते.

रविवारी आम्ही गाडी बाहेर काढली नाही. बाजारात गेलो नाही. सोमवारी पत्नी कामावरून परस्पर ठाण्यात आली आणि गाडी मी चालवत होते असे तिने सांगितले. ते लिहून घेतले गेले, पण इथल्या कोणाला ते खरे वाटले नाही. बायको नवऱ्याला सोडवायला आली आहे असेच सगळे समजले, असे मला मागाहून कळले. तिला पाणी देऊन घरी पाठवले. ती घरी आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ती चप्पल न काढता दारात उभी राहिली. आमच्यात झालेले बोलणे सांगतो.

ती म्हणाली, “तुम्ही ठाण्यात जाऊन काय सांगितलंत?”

मी म्हणालो, “तुला वाचवलं.”

“कोणापासून?”

मी ताट पुढे सरकवले. मग ती म्हणाली, “चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी गाडी चालवली. तीही तुम्हीच चालवलीत. निदान धडकली तेवढी तरी माझ्या नावावर राहू द्या.”

मी म्हणालो, “वेडी आहेस का? तू गोठली होतीस. ब्रेकच लावला नाहीस. मी ओढली नसती तर तो सायकलवाला गेला असता.”

ती म्हणाली, “मी ब्रेक लावला होता.”

त्यावर मी जे बोललो ते लिहून घ्यावे. मी म्हणालो, “शिकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.” हे खरे आहे, सव्वीस वर्षांत मी हे वाक्य हजारो वेळा ऐकले आहे. प्रत्येक वेळी ब्रेक मीच लावलेला होता. पत्नीने त्यानंतर चप्पल काढली, हात धुतले आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढून झाकून ठेवते. सकाळी पावणेसातच्या बसने जाते. संध्याकाळी शेवटची बस तर मिळतच नाही, तेव्हा कोणाच्या गाडीने येते ते मला माहीत नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मी आज आलो तो गाडी ती चालवत होती एवढेच सांगायला. ती गोंधळली म्हणून ब्रेक लावू शकली नाही आणि म्हणून मला स्टिअरिंग ओढावे लागले, असे मी पुढे सांगणार होतो. माझी तशी खात्री होती.

इथे मॅडमनी जबाब थांबवला आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातले कॅमेऱ्याचे फुटेज मला दाखवले. त्यात आवाज नाही. गाडी पाठमोरी दिसते. बोळातून सायकलचे पुढचे चाक बाहेर येते न येते तोच गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागतात. गाडीचे नाक खाली झुकते. गाडी सरळ रेषेत, रस्त्याच्या मधोमध हळू होत जाते. सायकल अजून दोन गाड्या मावतील इतकी लांब आहे. मग गाडी एकदम डावीकडे वळते. दिवे लागलेलेच आहेत.

मॅडमनी ते तीन वेळा दाखवले. चौथ्या वेळी मीच मागितले.

फुटेज पाहून मी सांगतो की, पत्नीने ब्रेक लावला होता आणि चांगला लावला होता. मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण दिले असते. गाडी सायकलच्या बरीच अलीकडे थांबली असती. कोणाला काही झाले नसते आणि काका काच पुसून स्टुलावरून आपल्या पायांनी उतरले असते. गाडी हळू होते आहे हे मला गाडीत बसून कळले नाही. मॅडमचा यावर विश्वास बसत नाही, पण ते तसेच आहे. सव्वीस वर्षे माझा पाय दाबला गेला की गाडी थांबते. पायाखाली काही लागले नाही, म्हणजे गाडी थांबत नाही, एवढेच माझ्या डोक्यात आले. दुसऱ्या कोणाच्या पायाने गाडी थांबू शकते हे मी विसरलो होतो. काकांच्या पायाचा दोष सर्वस्वी माझा आहे.

पत्नीचा ब्रेक आणि माझा पाय हे एकाच वेळी दाबले गेले असावेत.

ती याआधी रविवारी कधी वेळेवर ब्रेक लावत होती का, असे मॅडमनी विचारले. मला माहीत नाही. माझा पाय तिच्याआधी पडत असे. तिला ब्रेक लावता येतो की नाही हे मला चोवीस वर्षांत कळायला वाव नव्हता, आणि खरे तर तिलाही नव्हता. हे सांगताना मला खूप थकल्यासारखे वाटते आहे. हवालदारांनी पाणी दिले.

खोटा जबाब दिल्याबद्दल काय होऊ शकते आणि चालत्या गाडीत दुसऱ्याचे स्टिअरिंग ओढल्याबद्दल स्कूलचा परवाना राहील की जाईल, हे मॅडमनी मला नीट समजावून सांगितले आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सोमवारी पत्नी आपला परवाना इथे जमा करून गेली, तो तिला लवकर परत मिळावा एवढी विनंती आहे. तिला चौदा किलोमीटर जायचे असते.

माझा जबाब चालू असताना पत्नी फुटेज पाहून सही करण्यासाठी ठाण्यात आली आहे. तिला मॅडमनी साडेअकराला बोलावले होते, हे मला माहीत नव्हते. आम्ही एकाच घरातून वेगवेगळे आलो. ती बाहेरच्या बाकावर बसली आहे आणि या खोलीचे दार फुगल्यामुळे पूर्ण लागत नाही. मी हवालदारांना जबाब जरा मोठ्याने वाचावा असे सांगितले.

त्याप्रमाणे त्यांनी वरील सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. पत्नीचा ब्रेक आणि माझा पाय एकाच वेळी, या वाक्यावर बाहेरून पत्नीचा आवाज आला.

“एकाच वेळी नाही. आधी. मी आधी लावला.”

हवालदार मला म्हणाले, “मास्तर, हा जबाब तुमचा आहे. त्यांनी सांगितलेलं यात लिहिता येत नाही. आधी लावला हे तुम्ही पाहिलंत का?”

मी म्हणालो, “नाही. मी माझ्या पायाकडे लक्ष देत होतो.”

“मग कसं लिहू?”

मी त्यांना सांगितले की माझे म्हणूनच लिहा. त्यावरून दुरुस्ती लिहिली ती अशी : माझ्या पत्नीने माझ्या आधी ब्रेक लावला. ही ओळ त्यांनी पुन्हा वाचली. बाहेरून काही आवाज आला नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिले आहे, त्यात आता काही खोटे राहिलेले नाही, म्हणून खाली सही करतो.